नदीचा उन्हाळा

शिरोळ तालुक्याच्या नकाशावर कुठेही बोट ठेवा, ते नदीपासून फार लांब पडत नाही. उत्तरेच्या अंगाने वारणा येते आणि हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. पश्चिमेकडून पंचगंगा वळणं घेत, रेंगाळत येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत शिरते. दक्षिणेच्या कडेने दूधगंगा जाते. ती दानवाडच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडून, चिकोडी तालुक्यात कृष्णेत मिसळते. महाबळेश्वरला निघालेली कृष्णा बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर चालते. त्यातले महाराष्ट्रातले २८२, आणि त्यांतले अगदी शेवटचे आपल्या तालुक्यातले. कोयना, चांदोली, राधानगरी, काळम्मावाडी, सह्याद्रीत पाऊस कुठेही कोसळो, कर्नाटकात जाण्याआधी तो इथे हजेरी लावून जातो.

खाली जी यादी आहे तिच्यातली एकही गोष्ट पाणी आटल्यामुळे गेलेली नाही. नद्या आज मे महिन्यातही भरलेल्या दिसतात. दुष्काळी भागातला पाहुणा पुलावरून खाली बघतो आणि म्हणतो, तुमचं बरं आहे. आपणही मान हलवतो. नाहीसा झाला तो नदीचा उन्हाळा, पाणी कमी असण्याचे चार महिने. पात्र भरलेलं असल्यामुळे त्यातून काय गेलं ते दिसत नाही, म्हणून लिहून ठेवतो. काही गोष्टी पुरत्या गेल्या, काही जाण्याच्या बेतात आहेत, आणि एकदोन गेल्या ते बरंच झालं.

उतार.
नदी जिथे पसरट आणि तळ घट्ट, तिथे उतार. गुडघा-मांडीभर पाणी, खाली वाळू आणि गोटे. बैलगाडी त्यातून पलीकडे जायची. बैल मधोमध थांबून पाणी पीत आणि गाडीवान घाई करत नसे, कारण उन्हात सुकून खिळखिळ्या झालेल्या लाकडी चाकांनाही तेवढं भिजणं हवं असे. उतार नकाशात नसायचा. पूर आला की तो इकडेतिकडे सरके. पाणी उतरल्यावर माहितगार माणूस काठीने तळ चाचपत जाई आणि त्याच्यामागून गावाचा रस्ता ठरे. हा मुलूख एकेकाळी कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशा संस्थानांत वाटलेला होता, त्यामुळे पलीकडचं गाव पुष्कळदा दुसऱ्या राज्यात असे. उन्हाळ्यात लेकीचं माहेर हाकेच्या अंतरावर, आणि श्रावणात तेच दिवसभराच्या वळशावर. पंचमीला लेक आणायची तर आधी पाण्याचा अंदाज घ्यावा लागे. उतार कुठे होता हे आता विचारलं तर म्हातारी माणसं हात पाण्याच्या मधोमध दाखवतात.

नाव.
औरवाड आणि नृसिंहवाडी, कोथळी आणि हरिपूर. पूल झाले, नाव गेली. नावाड्याला काठची गावं सुगीला धान्य देत आणि वर्षभर त्याच्या नावेत फुकट बसत. या नोंदीवर मी फार रेंगाळत नाही. अडलेल्या बाळंतिणीला अमावास्येच्या रात्री, भर पुरात, पलीकडच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना नावेचं कौतुक सांगायला जाऊ नये. नाव गेल्याची हळहळ पुलावरून जाणाऱ्यांनाच जास्त वाटते.

वाळू.
ही नोंद लांबणार. माघ-फाल्गुनात पात्राच्या एका अंगाला वाळूचा पट्टा उघडा पडे. पोरं त्यावर कुस्त्या खेळत, कपडे त्यावर वाळत, जत्रेच्या गाड्या त्यावर सुटत. भोई आणि कोळी कुटुंबं वाळूत चर खणून, तळाला शेणखत घालून कलिंगडं, खरबुजं, काकड्या लावत. वेल वर तापलेल्या वाळूवर आणि मुळं खाली ओलीत. हे पीक कुणाच्या सातबाऱ्यावर नसे. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यांचं वर्षातलं रोख उत्पन्न नदी या चार महिन्यांत देऊन जाई, आणि पहिल्या पावसात जमीन परत घेऊन टाकी.

त्याच वाळूवर नदीसुरय हा पक्षी अंडी घालत असे. घरटं म्हणजे नुसता खळगा. त्याला फेब्रुवारी ते मे उघडी वाळू लागते, दुसरं काही चालत नाही. आता त्या महिन्यांत तिथे पुरुषभर पाणी असतं.

वाळू दोन्हीकडून गेली. उरलीसुरली पाण्याखाली, आणि बाकीची बोटीवरच्या पंपाने उपसून ट्रकमधून. जी गेली ती सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीच्या स्लॅबमध्ये आहे. डोंगरातून नवी वाळू यायची तर वाटेत धरणांच्या भिंती आहेत. बांधकामाला हल्ली क्रश सँड वापरतात, म्हणजे नदीची वाळू संपल्यावर आपण डोंगर दळायला घेतले.

झरा.
पात्रात पाणी वाहतं असतानाही बायका पिण्याचं पाणी धारेतून घेत नसत. काठच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग वाटीने घागर भरायची. गाळण्याचं काम वाळू करी. वाळू गेल्यावर हे काम नगरपालिकेच्या फिल्टरकडे आलं.

बरगे.
उन्हाळा नेमका कशाने गेला ते इथे सांगितलं पाहिजे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत दगडी खांबांची ओळ आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की खाचांत आडवे बरगे सरकवायचे, मध्ये माती भरायची, पाणी अडलं. पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पूर मोकळा जातो. पद्धत साधी, आणि कोल्हापूरचं नाव देशभरच्या पाटबंधारे खात्यांच्या कागदांवर नेणारी. शाहू महाराजांनी १९०९ मध्ये भोगावतीवर राधानगरीचं काम सुरू केलं. धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उलटावं लागलं. पण पुढे धरणातून पाणी सोडायचं, ते बंधाऱ्याबंधाऱ्यांनी अडवायचं आणि काठावरून मोटारींनी उचलायचं, अशी घडी बसली. शिरोळमध्ये पंचगंगेवर तेरवाडचा बंधारा, कृष्णेवर राजापूरचा. राजापूरचा हा महाराष्ट्रातला कृष्णेवरचा शेवटचा बंधारा. त्याला बरगे घातले की पाण्याची फुग मैलोन्मैल मागे जाते.

उसाला हे पाणी हवंच होतं, आणि तालुक्याच्या घराघरांत जो पैसा आला तो याच फुगीतून आला. ते नाकारून चालणार नाही. फक्त एका बंधाऱ्याची फुग जवळजवळ दुसऱ्याच्या पायथ्याला टेकली, तेव्हा उन्हाळ्यातली नदी वाहायची थांबली. बंधाऱ्यामागे बंधारा अशी तळ्यांची माळ झाली. लाकडी बरगे कुजत, फुगत, निघता निघत नसत. ते काढणारी माणसं पाण्यात उतरून, आवाज देत, दोरांनी ओढत. आता बरगे लोखंडी आहेत. ते कुजत नाहीत, चोरीला जातात.

मासे.
वाम, मरळ, शिंगटा. वाहतं पाणी, खडकाळ तळ आणि खोल डोह असं तिन्ही मिळे तेव्हा जाळ्यात दहा तऱ्हा येत. आता विचाराल तर चिलापी. वर्षात एकदोनदा तेरवाडला मेलेले मासे पाण्यावर पांढरे पडून येतात, त्याची बातमी होते, अधिकारी बाटलीत नमुने भरून नेतात. जलपर्णी मात्र कुणी न लावता वाढते, बंधाऱ्याला येऊन अडते आणि वरून बघणाऱ्याला हिरवं रान वाटते.

मगर या यादीत नाही. ती उलट सांगलीकडून खाली आपल्या काठांवरही दिसते. बायका धुणं धुवायला जात नाहीत याचं एक कारण वॉशिंग मशीन, दुसरं ती.

पाण्याची चव.
पंचगंगा म्हणजे भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त सरस्वती. कोल्हापूरच्या वरच्या अंगाला प्रयाग चिखलीला त्यांचा संगम मानतात. गुरुचरित्रातली नावं थोडी वेगळी आहेत, शिवा आणि भद्रा तिथे येतात, पण सरस्वती दोन्हीकडे आहे. ती कुणी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्यात काही सोडताही येत नाही. उरलेल्या चौघींचं पाणी कोल्हापूर शहराचं सांडपाणी, इचलकरंजीच्या प्रोसेसिंग कारखान्यांचे रंग आणि साखर कारखान्यांची मळी पोटात घेऊन आपल्या तालुक्यात पोचतं.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेला लागून वसलेलं ते शहर. पिण्यासाठी ते आधीच शिरोळ तालुक्यात मजरेवाडीला कृष्णेकडे आलेलं होतं. पुढे ते दानोळीला वारणेकडे बघू लागलं. दानोळीकर रस्त्यावर उतरले. मग कागल तालुक्यात सुळकूडला दूधगंगेची योजना आखली, तिथेही गावं उभी राहिली. दारातली एक नदी नासल्यावर एक शहर उरलेल्या तीन नद्यांच्या दारात जाऊन आलं. चार नद्यांचा हा भूगोल शाळेत इतका नीट कुणी शिकवला नव्हता. दानोळीकरांनी पाणी नाकारलं म्हणून त्यांना कोत्या मनाचं म्हणणं सोपं आहे. वारणेचीही पंचगंगा होईल ही त्यांची भीती मात्र खोटी नव्हती.

नृसिंहवाडीला येणारा भक्त संगमाचं तीर्थ अजून बाटलीत भरून नेतो. पूर्वी त्यातलं थोडं तो घाटावरच पिऊन घेई.

नवं पाणी.
आषाढात कोल्हापूरकर पंचगंगेचं नवं पाणी घागरींत भरून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पायरीवर ओततात. पुढे वाजंत्री, पी ढबाक. काठच्या गावांतही नव्या पाण्याची ओटी भरायची रीत आहे. रीत चालू आहे. नवं पाणी कोणतं हे ओळखणं अवघड झालं आहे.

पूर्वी ते सांगावं लागत नसे. जेठ संपता संपता पात्रात चार डबकी आणि एक धार उरलेली. इथे अजून ढगही नसायचा आणि एका पहाटे वरून तांबडं, फेसाळ, काटक्याकुटक्या वाहून आणणारं पाणी येई. डोंगरात पाऊस लागल्याची ती पहिली वर्दी. आधी वास, मग आवाज. माणसं काठावर गोळा होत. तांबडं पाणी पुढे आणि जुनं निवळ पाणी बाजूला सरकताना दोन रंगांची कड दिसे. वारणा आधी आली की पंचगंगा, यावर वाद घालता येत. आता आधीच भरलेल्या पात्रात पाणी हळूच गढूळ होतं. कधी ते धरणातून सोडलेलं असतं, कधी वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढल्याचं, काळं आणि घाण वासाचं. मे महिन्यातही नवं पाणी येतं, त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तनाची ओटी कुणी भरत नाही.

मळी.
ही काठची जमीन, पुराच्या गाळाने दरसाल वाढणारी. पाणी ओसरलं की चिखल जरा आखडू द्यायचा आणि ओलीवर पेरायचं. शाळू, हरभरा, मका आणि वांगी. खत नाही, पाणी नाही. कृष्णाकाठच्या वांग्याला जे नाव मिळालं ते मळीच्या मातीमुळे मिळालं. बियाणं दुसरीकडे नेऊन लावणाऱ्यांना वांगी मिळाली, पण तसली नाही. पुणे-मुंबईच्या मंडईत आज ‘कृष्णाकाठची’ म्हणून ओरडून विकतात ती कुठल्या काठची असतात ते विकणाराच जाणे.

मळीत येणारा बराच गाळ आता धरणात अडतो. पूर येतो तो पाण्याचा जास्त, मातीचा कमी. जी मळी तयार होती तिच्यातली पुष्कळ विटा झाली. पोयट्याची वीट चांगली निघते, भट्टीवाला रोख देतो. उरलेल्या मळीत ऊस.

आणि उसाने मळीच्या मागची काळी रानंही सोडली नाहीत. वर्षानुवर्षं पाट सोडून दिलेलं पाणी, निचरा नाही, रासायनिक खतं. रानं फुगली, वर पांढरी खार आली. पाणी नसल्याने पडीक पडलेली जमीन महाराष्ट्राने खूप पाहिली. पाण्याने पडीक पडलेली बघायला शिरोळला या. इथल्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइपा घालून खारं पाणी बाहेर काढायचं काम हाती घेतलं आणि कित्येक क्षारपड रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. यादीत टाकलेली एखादी गोष्ट खोडता येते, ती ही. निचऱ्याचं खारं पाणी शेवटी नदीकडेच जातं, हा त्यातला पुढचा प्रश्न.

पेव.
हे आपल्या तालुक्यातलं नव्हे, समोरच्या हरिपूरचं. पण आपण संगमाच्या या काठावर उभे असल्याने नोंद करायला हरकत नाही. जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद अशी कोठारं. सांगलीच्या बाजारातली हळद त्यात वर्षानुवर्षं राही. भिंतींना ना वीट ना चुना, नुसती माती. पण ती माती अशी की दोन नद्यांच्या संगमावर असूनही आत ओल धरत नसे. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक निकामी झाली. हळद शीतगृहांत गेली.

काहील.
गुऱ्हाळावरची रस आटवायची भली मोठी पसरट कढई. पुरात तीच तराफा. दोन माणसं, एक शेळी, एक गाठोडं. काठावरून दोर धरलेला. ती स्वतःभोवती गरगर फिरे, पण बुडत नसे. उसाचा गाडा कारखान्याकडे वळला, तालुक्यातली गुऱ्हाळं बंद पडत गेली, काहिली भंगारात गेल्या. २०१९ च्या ऑगस्टात गावंच्या गावं वेढली गेली तेव्हा लोक रबरी बोटींची वाट बघत गच्च्यांवर बसून होते. बोट यायला हवीच होती, उशीर झाला हेही खरं. पण पुरात स्वतःपुरतं साधन घरात असणं आणि ते कसं चालवायचं हे ठाऊक असणं, हे आधीच गेलेलं होतं.

पुराची मापं.
नृसिंहवाडीच्या देवळाला पाणी चढू लागलं की भाषा ठरलेली होती. पायऱ्या गेल्या. मंडपात आलं. पादुकांना लागलं. मग दक्षिणद्वार: पाणी उत्तरेच्या दाराने गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं आणि त्या धारेत स्नान करायला लोक भल्या पहाटे धावतात. चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार वेगळे. पाणी आणखी वाढलं तर उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात. सगळ्या काठाचा पूर या देवळावर मोजता येई: वाडीत इथवर पाणी म्हणजे औरवाडच्या कुठल्या गल्लीत, कुरुंदवाडच्या कुठल्या पायरीला, गौरवाडच्या कुठल्या रानात, हे अनुभवी माणूस घरबसल्या सांगे.

दक्षिणद्वार अजून होतो. मापाचं काम आता फुटांत चालतं. कोल्हापूरला राजाराम बंधारा, इशारा ३९, धोका ४३. सांगलीला आयर्विन पूल, इशारा ४०, धोका ४५. २०१९ ला तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे जास्त अचूक आहेत आणि त्यांनी माणसं वाचतात. पण ते कोल्हापूरचे आणि सांगलीचे. शिरोळच्या परिसरात चारही नद्यांचं पाणी एकत्र होतं, कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला आत शिरायला जागा मिळत नाही आणि ती मागे शेतांत पसरते. हा हिशेब दोन्ही पट्ट्यांवर दिसत नाही. शिवाय जुना हिशेब ज्या पुरांवर बसवला होता ते पूरही राहिले नाहीत. २००५, २०१९, २०२१.

वरची बातमी.
पूर्वी काठचा माणूस पुराची खबर वरून घेई. कोयनेला किती पडला, गगनबावड्याला किती, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले. नदी जिकडून येते तिकडे तोंड करून बसायचं, एवढं साधं होतं. आता सगळे खाली बघतात, तिथे अडलेलं पाणी मागे फुगेल या भीतीने. राजापूरच्या खाली कर्नाटकात हिप्परगी बंधारा, त्याच्या खाली अलमट्टी धरण, १२३ टीएमसी. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने महापुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. तालुक्यात तो अहवाल फारसा कुणाला पटलेला नाही. अलमट्टीत पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात. ते ५२४.२५६ पर्यंत न्यायला दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली, कर्नाटकाला ते हवं आहे, महाराष्ट्राचा विरोध आहे. टीएमसी आणि क्युसेक हे शब्द इथे शेंगा फोडत बसलेली म्हातारीही वापरते.

जुलै लागला की सैनिक टाकळी, अकिवाट, राजापूरच्या काठावर माणसं नदीतल्या मोटारी वर काढायला जमतात. केबल गुंडाळता गुंडाळता एकजण मोबाइल बघत असतो, आणि बाकीचे त्याला विचारतात, अलमट्टीतनं किती सोडलंय?